धनायन म्हणजे काय जी?

आमच्या केमिस्ट्रीच्या सरांना लग्नाची पत्रिका द्यायला लोक कचरायचे. सर जेवायला बसले की बुंदीचं ताट रिकामं करून उठायचे, पण त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. भीती होती ती स्टेजवरची. एका जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नात मी स्वतः पाहिलंय. सरांनी नवरदेवाच्या हातात आहेराचं पाकीट दिलं, पण स्वतःकडचं टोक काही सोडलं नाही. मागे बायाबापड्यांची रांग, समोर फोटोवाला 'इकडे पाहा, इकडे पाहा' करतोय, आणि सर नवरदेवाच्या मुंडावळ्या बाजूला सारून विचारताहेत, "धनायन म्हणजे काय जी?"

नवरदेव घामाघूम. "सर, प्लस."

"प्लस तं सेलवर बी लिहून राहते. धनायन म्हणजे काय?"

"ज्याच्यावर धन प्रभार आहे, असा आयन."

"हाव. पण कायनं आला थो प्रभार?"

नवरदेवाने नवरीकडे पाहिलं. नवरी बी.ए. झालेली, ती कशाला मधे पडते! शेवटी बिचारा म्हणाला, "सर, काहीतरी मिळालं असंल त्याले."

सरांनी पाकीट सोडलं, खाली उतरले आणि त्या दिवशी बुंदी दुसऱ्यांदा घेतली नाही. घरी जाताना मला म्हणाले, "अकरावी-बारावी दोन वर्षं माह्यापाशी होता हा. मिळालं असंल म्हणते! याचा संसार कसा होईन?"

त्यांचं सगळ्यात दुखरं ठिकाण हेच होतं. अणूत प्लस आणि मायनस सारखेच असतात, म्हणून अणू आपला गुमान बसलेला असतो. त्यातला एखादा इलेक्ट्रॉन त्याने देऊन टाकला की मायनस कमी पडतो आणि प्लस उरतो. हा झाला धनायन. म्हणजे याच्याकडे काही आलेलं नाही, याचं गेलंय. आता प्लसचं चिन्ह दिसलं की जगातला कुठलाही माणूस म्हणणार, याला काहीतरी वरचं मिळालं. सरांच्या वर्गातली पोरंही तेच म्हणायची. सर दरवर्षी या एका शब्दावर पंधरा दिवस घालवायचे आणि वर्षाअखेर पोरं पुन्हा 'मिळालं' असंच लिहायची. एका शब्दासाठी इतकं भांडलेला माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

मी या कॉलेजात लागले तेव्हा नागपूरहून नुकतीच एम.एस्सी. करून आले होते. तुमसरच्या अलीकडे आमचं हे ज्युनियर कॉलेज. मी तासिकेवर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढंच आपलं, पुढच्या वर्षी बोलावतीलच असं नाही. पहिल्याच दिवशी सरांनी मलाही तोच प्रश्न टाकला. मी घडाघडा बरोबर उत्तर दिलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर हाये. पण चेहऱ्यावर नाही दिसलं."

मी मनात म्हटलं, बाप्पा, इलेक्ट्रॉन काय चेहऱ्यावर दिसतो का! आणि मी तशी फटकळच. आमच्या घरी कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांचे दोन माग आहेत. त्यांच्या खटखटाटात बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं, त्यामुळे मनातलं मनात ठेवायची सवय घरात कोणालाच लागली नाही. म्हणून ते वाक्य मी मोठ्यानेही म्हटलं. सर खूश झाले. त्या दिवसापासून आमचं जमलं.

बारावीच्या प्रॅक्टिकलला एक प्रयोग असतो. एका बाटलीतला पांढरा क्षार पोरांना देतात आणि त्यात कोणता धनायन आहे ते शोधायला सांगतात. धनायनांचे गट असतात. एकेक रसायन क्रमाने घालत जायचं, ज्या गटाला साका खाली बसला त्या गटात शोधायचं. सरांनी अख्खा स्टाफ या गटांमध्ये वाटून टाकला होता. आमचे प्राचार्य पहिल्या गटातले, शिसं. "थंड पाण्यात बसून राहते, गरम केलं का विरघळते. तुम्ही कधी बी जाऊन पाहा, आरडाओरडा करा, लगेच सही देते." अत्तराचा भपकारा सोडत येणारे हेडक्लार्क शून्य गटातले, अमोनियम. "आधी वास येते, मंग माणूस येते." मॅनेजमेंट आणि स्टाफ दोन्हीकडे गोड बोलणारे गणिताचे सर म्हणजे ॲल्युमिनियम, आम्लातही विरघळते आणि अल्कलीतही. मी विचारलं, "आणि मी?" तर म्हणाले, "तुम्ही अजून बाटलीत आहा मॅडम. बाहेर निघाल तवा सांगन."

स्वतःला ते मॅग्नेशियम म्हणायचे. सगळे गट खाली बसून गेले की मागे जो उरतो तो.

घरी काकू होत्या. सरांची बायको म्हणजे एकदम रोखठोक बाई. काकूंच्या गॅसवर सर प्लॅटिनमची तार धरून ज्योतीचे रंग पाहायचे. भाजी उतरायच्या आत काकूंना दोन वेळा बाजूला व्हावं लागायचं. एकदा मी जेवायला गेले होते. सरांनी वरण ओरपता ओरपता धनायनाचा विषय काढलाच. काकूंनी भाताचं भांडं आपटलं. "मंग मीच हाव तुमचा धनायन. सकाळपासून सगळ्यायले देऊनच राहिली! चहा देल्ला, पाणी देल्लं, टॉवेल देल्ला, आता भात देऊन राहिली. लावा मले प्लस!"

सरांचा घास हातातच राहिला. तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तीस वर्षांत आलेलं सगळ्यात चांगलं उत्तर हाये थे. अन् बाई सातवी शिकली हाये."

प्रॅक्टिकलच्या वेळी पोरांचे मोबाईल काढून घ्यायचे, तर सर त्यासाठी घरून पितळेचा गुंड, म्हणजे पाण्याची मोठी घागर, आणायचे. भंडाऱ्याचा जुना, काकूंच्या माहेरचा. तीस मोबाईल त्या गुंडात. कोणाच्या तरी आईचा फोन यायचा आणि अख्ख्या लॅबमध्ये आरतीसारखा घणघणाट व्हायचा. सर शांतपणे गुंडावर वाकून सांगायचे, "पोट्टी परीक्षेत हाये जी, मंग बोला." फोन न उचलताच!

पुस्तकाशीही त्यांचं पटायचं नाही. बेरियमची ज्योत सफरचंदासारखी हिरवी, असं पुस्तकात दिलंय. सर म्हणायचे, "आपल्या इकडं सफरचंद लाल येते. हिरवं कोनं पाह्यलं? धानाच्या पऱ्ह्यावानी हिरवी, असं लिहा." रोवणीच्या आधी धानाची जी कोवळी रोपं असतात ना, ते पऱ्हे. पोरं बिनधास्त तसं लिहायची. एका वर्षी बाहेरच्या परीक्षकाने त्यावर लाल गोल केला, तर सर त्याला स्कूटरवर मागे बसवून तलावाखालच्या शेतात घेऊन गेले. पण ते दिवस जानेवारीचे. शेतात नुसती धसकटं होती. परीक्षकाने तरीही मार्क दिले, कारण परत यायला स्कूटर सरांचीच होती.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती सांगताना मला अजूनही राग येतो आणि हसूही येतं.

लॅबमधल्या बाटल्यांना दर दिवाळीनंतर नवी लेबलं लागायची. सर ती तांदळाच्या खळीने चिकटवायचे. घरून तांदळाचं पीठ आणायचं, बर्नरवर बीकर ठेवून खळ शिजवायची आणि बोटाने लावायची. मी म्हटलं, "सर, डिंकाची एक बाटली आणू या ना. केवढ्याला येते ती!"

"तुमसरच्या मार्केटात कुठकुठले व्यापारी तांदूळ न्यायले येतेत, अन् आपण डिंक विकत आणाव? लोक हासतीन."

"बरं, मग खळीत चिमूटभर मोरचूद तरी टाका. आमचे बाबा सुताला खळ देतात तेव्हा टाकतात. नाहीतर झुरळं खातात."

सरांचं तोंड असं झालं की जणू मी त्यांच्या देवघरात चप्पल घालून गेले. "मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, मॅडम! लेबलातलं कॉपर बाटलीत पडलं तं? पोट्टा झिंकच्या बाटलीत कॉपर शोधत बसंन. परक्या धनायनाले माह्या कपाटात जागा नाही."

"झुरळांना आहे?"

"झुरळ धनायन नसते," सर म्हणाले आणि विषय संपला.

त्याच सुमारास प्राचार्यांनी मला बोलावलं. या वर्षी लॅबचं कपाट आणि रजिस्टर तुमच्या नावावर करतो, म्हणाले. प्रॅक्टिकल नीट पार पडलं तर पुढच्या वर्षीचे तास तुमचेच. काही गडबड झाली तर मात्र दुसरी मॅडम बघू. मी सही केली. ही नोकरी गेली असती तर मला घरी बसावं लागलं असतं, आणि आमच्याकडे घरी बसणं म्हणजे पाहुण्यांपुढे पोहे घेऊन जाणं. आत्याने दोन स्थळं आधीच हेरून ठेवली होती. एक तर म्हणे फक्त पोरीचा आवाज हळू पाहिजे म्हणत होतं! मला स्थळं नको होती, मला तास हवे होते.

प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी सकाळी अकराला आम्ही कपाट उघडलं. आत एकाही बाटलीवर लेबल नव्हतं. कुठे कागदाचा कोपरा राहिलेला, कुठे नुसतं 'राइड', कुठे नुसतं 'ट'. आणि तळाशी झुरळं. गुटगुटीत, पळायचीही तसदी न घेणारी.

निळं कॉपर, हिरवं निकेल, गुलाबी कोबाल्ट ओळखता आलं. उरल्या अठरा बाटल्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या सारख्या.

सरांनी वाकून कागदाचा एक उरलेला कोपरा बोटाने चाचपला. मग हळूच म्हणाले, "चवीनं खाल्लं लेकायनं. तांदूळ चांगला होता."

मला रडूच फुटलं. "सर, रजिस्टरवर माझी सही आहे! नागपूरहून नवा माल यायला दोन दिवस लागतात. उद्या परीक्षक येऊन काय पाहतील? झुरळं?"

"रडू नका जी. अठराच तं हायेत. आपण ओळखून काढू. जल्मभर धनायन शिकवला, मले नाही सापडणार का?" आणि जरा छाती काढून म्हणाले, "माह्या लॅबवर तीस वर्षांत परीक्षकाचा एक बी वाईट शेरा नाही. यंदा मे महिन्यात रिटायर होऊन राहिलो. आता शेवटच्या वर्षी लागू देईन का?"

ते शेरे त्यांनी जपून ठेवले होते. 'उत्तम', 'अतिउत्तम', 'व्यवस्था समाधानकारक' अशा झेरॉक्सची एक फाईलच होती. निरोपसमारंभात ती वाचून दाखवायची असं त्यांनी ठरवलं होतं.

आम्ही कामाला लागलो. पहिली बाटली सरांनी घेतली, दुसरी मी. माझ्या दोन संपल्या तरी सर पहिल्याच बाटलीवर. शेवटी म्हणाले, "ॲल्युमिनियम." मी परीक्षानळी पाहिली. "सर, हे झिंक आहे. तुम्ही तिसऱ्या गटाला अमोनियम क्लोराइड टाकायचं विसरलात."

म्हणजे ज्या चुकीसाठी ते पोरांना लॅबबाहेर उभं करायचे, तीच.

"सर, तुम्ही हे स्वतः शेवटचं कधी केलं होतं?"

सर बर्नरची ज्योत कमी-जास्त करत राहिले. "एम.एस्सी.ले."

"मग इतकी वर्षं?"

"बाटलीवर लेबल होतं ना," सर म्हणाले.

मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. पण खरं सांगते, त्या माणसाला खोटं बोलता आलं नाही म्हणून मला तो क्षणात आणखी जवळचा वाटला. त्यानंतर विश्लेषण मी केलं आणि सरांनी नळ्या धुतल्या, बाटल्यांवर नंबर टाकले, यादी लिहिली. पाच वाजेपर्यंत सतरा झाल्या. उरली चौदा नंबरची. ती थंड पाण्यात विरघळेना, आम्लात विरघळेना. सर म्हणाले, वरचं पाणी घ्या. घेतलं. पहिला गट नाही, दुसरा नाही, तिसरा, चौथा, पाचवा, काही म्हणता काही नाही.

"काहीच नाही आलं म्हणजे मॅग्नेशियम," सर म्हणाले. "थेच शेवटी राहते."

"सर, खात्रीची चाचणी करून बघू."

"तुमची बस साडेपाचची हाये ना?"

होती. आणि मीही दमले होते, भूक लागली होती. मी म्हटलं, लिहा मॅग्नेशियम. हे माझंही पाप, उगाच सगळं सरांवर कशाला ढकलू.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. दुसऱ्या जिल्ह्यातले, बारीक अंगाचे, गळ्यात मफलर आणि हातात लाल पेन. त्यांना आम्ही चहा, चिवडा आणि अठरा नंबरांची यादी दिली. लेबलं नाहीत, नंबर आहेत, हे पाहून ते उलट खूशच झाले. "छान! गुप्तता पाळता तुम्ही."

पोरं मात्र हवालदिल. दरवर्षी कुठल्या बाटलीत काय आहे ते आतून कसंतरी कळायचं. ही रीतच पडून गेली होती, सगळ्यांना माहीत होती. त्या वर्षी आतल्यांनाच काही माहीत नव्हतं! त्यामुळे तीसच्या तीस पोरं पहिल्यांदाच खरोखर प्रयोग करत होती. लॅबमध्ये एवढी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. गुंडसुद्धा गप्प होता.

चौदा नंबर तिघांना आला होता. एकाने लिहिलं झिंक. दुसऱ्याने लिहिलं अमोनियम, वास पण आला म्हणे! तिसरी होती बपेऱ्याकडून बसने येणारी एक पोरगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी. तिने लिहिलं होतं, 'धनायन : नाही.'

परीक्षकांनी चष्मा वर केला. "नाही म्हणजे? धनायन नाही असा क्षार असतो का कुठे?"

"नसते सर."

"मग?"

"पण याच्यात नाही. सगळे गट दोन-दोन खेपा पाह्यले. मॅग्नेशियमची खात्री बी केली. नाही येत तं मी काय लिहू?" तिची मान खाली गेली नाही.

परीक्षकांनी यादी पाहिली. चौदा : मॅग्नेशियम. लाल पेनाचं टोपण निघालं. यादी चुकीची आहे म्हणावं तर यादी कशी बनली ते सांगावं लागणार. ते सांगितलं की रजिस्टर आलं, रजिस्टर आलं की माझी सही आली. मी टेबलाची कड धरून गप्प उभी राहिले. मला त्या गप्प राहण्याची अजून लाज वाटते.

"थांबा जी," सर पुढे झाले. "का वं पोरी, गरम केलं का?"

"हाव सर. घट्ट झालं." तिने परीक्षानळी उलटी करून दाखवली. आतून काही पडलं नाही.

सरांनी नळी घेतली. वास घेतला. आतलं थोडं काडीने काढून अंगठा आणि बोटात चोळलं. मग बोटं उघडायला गेले तर ती उघडेनात. आणि मी पाहतेय तोवर सरांचा चेहरा फुलत गेला, फुलत गेला, आणि ते भर परीक्षेत ओरडले, "बरोबर! शंभर टक्के बरोबर! धनायन नाहीच हाये याच्यात! हे तं माह्या घरचं तांदळाचं पीठ हाये!"

हो, खळीसाठी आणलेलं पीठ. ते सरांनी रिकाम्या बाटलीत भरून इतर बाटल्यांच्या रांगेत ठेवलं होतं. त्याचंही लेबल झुरळांनी खाल्लं होतं.

"तीस वर्षं झाली मले शिकवून," सर त्या पोरीला सांगत होते, "पुस्तकात नाही, यादीत नाही, तरी जे दिसलं थे लिहिणारी तू पहिली हायेस! अहो परीक्षक, पूर्ण मार्क द्या हिले. नाही, एक जास्तच द्या!" पोरगी भांबावून उभी. बाकीची पोरं नळ्या हातात धरून बघताहेत. मी डोळे मिटून घेतले.

परीक्षक शांतपणे म्हणाले, "मार्क देतो. पण सर, तुमचं पीठ क्षारांच्या कपाटात काय करतंय? आणि ही यादी कोणी केली? लेबलं कुठे आहेत?"

तेव्हा कुठे सरांच्या लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. परीक्षकांनी टेबलावरचं रजिस्टर ओढलं. "कपाट कोणाच्या ताब्यात आहे?"

मी तोंड उघडलं, पण सर माझ्याआधी बोलले. "सही मॅडमची हाये, पण त्या सहीले काही अर्थ नाही. खळ माही. मोरचूद टाकू नका म्हणणारा मी. पीठ माहं, चौदा नंबरचं मॅग्नेशियम बी माहंच. मॅडम खात्री करू म्हणत होत्या, मीच बसची भीती दाखवली. झुरळं तेवढी कॉलेजची. हे सगळं तुम्ही शेऱ्यात लिहा. अन् जरा मोठ्या अक्षरात लिहा, आमच्या प्राचार्यांले चष्मा लागते."

परीक्षकांनी लिहिलं. अर्धं पान लिहिलं. पोरीला पूर्ण मार्क दिले, बाकी दोघांना चौदाऐवजी दुसरी बाटली देऊन पुन्हा प्रयोग करायला लावला. सर सगळा वेळ त्यांच्या बाजूला उभे राहून शुद्धलेखन तपासत होते.

प्राचार्य शिसं होते खरे, पण तो शेरा वाचून ते काही विरघळले नाहीत. त्यांनी सांगून टाकलं, उरलेल्या दोन दिवसांच्या बॅचेससाठी सरांच्या जागी अंतर्गत परीक्षक मॅडम राहतील, सरांनी आराम करावा. मला म्हणाले, "तुमचं काही नाही यात, तुमचे तास पक्के." मला आनंद व्हायला हवा होता. मी बसमध्ये तोंडावर ओढणी घेऊन घरी गेले. आईने विचारलं, "काहून गं, गेली का नोकरी?" मी म्हटलं, "नाही, राहिली," आणि मग जे रडायला सुरुवात केली ते बाबांना दोन्ही माग बंद करावे लागले.

मला वाटलं, सर आता घरी बसतील. दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये गेले तर ते माझ्याआधी हजर. ॲप्रन घातलेला, बाह्या वर, बेसिनपाशी नळ्या धुताहेत.

"सर, घरी बसा ना," मी चिडूनच म्हटलं. "मला लाज वाटते."

"तुम्हाले कायची लाज? हात तं माहे ओले हायेत."

दोन दिवस ते असेच राबले. बर्नर लावले, पाणी भरलं, फुटलेल्या नळीची काच वेचली. कोणी पोरगा काही विचारायला आला की मोठ्याने म्हणायचे, "मॅडमले पुसा. मले नाही विचारायचं, मी इथं कोणी नाही." आणि हे सांगताना इतके मजेत असायचे की मला त्यांचं डोकं फिरलंय असं वाटायला लागलं.

शेवटची बॅच संपली आणि फॉर्म भरायची वेळ आली. खाली दोन रकाने. 'अंतर्गत परीक्षक' इथे मी माझं नाव लिहिलं. त्याखाली 'प्रयोगशाळा साहाय्यक'. तो मी रिकामा सोडला.

"रिकामं नाही ठेवत जी," सर मागून म्हणाले, "फॉर्म वापस येते. माहं नाव लिहा."

"नाही लिहिणार मी."

"अवं, लिहा. दोन दिवस काम केलं ना मी?" आणि जसं मला ते माहीतच नाही तसं आपलं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट त्यांनी सावकाश सांगितलं. "डिग्री नका लिहू. साहाय्यकाच्या रकान्यात मावत नाही."

मी लिहिलं. माझे डोळे भरून आले आणि एक थेंब बरोबर त्यांच्या आडनावावर पडला. सरांनी घाईघाईने ॲप्रनच्या टोकाने तो टिपला. "कागदावर नका रडू, दुसरा फॉर्म नाही आपल्यापाशी. करा सही. पोट्ट्यांची बस जाऊन राहिली."

मी सही केली. सरांनी फॉर्म वर धरून शाई फुंकली, दोनदा वाचला आणि शिपायाच्या हातात दिला. मग पुन्हा बेसिनकडे गेले. चार-पाच नळ्या राहिल्या होत्या. मी बाह्या वर करत म्हटलं, "सर, राहू द्या आता, मी धुते."

"तुम्ही परीक्षक आहा," सर नळ सोडत म्हणाले. "हात लावाल तं रिपोर्ट करन."